माझ्या पायाखालची पेटी

आधीच एक सांगून टाकते, म्हणजे मधेच कुणी "अरेरे, बिच्चारी" करायला नको. मला कमी ऐकू येतं. लहानपणापासून. दोन्ही कानांमागे मशीनं आहेत, जांभळ्या रंगाची, आणि रंग मी स्वतः निवडलाय. आठवीपर्यंत मी ती केसांखाली लपवायचे. उन्हाळ्यात घामाची धार लागली तरी केस मोकळे. मग आठवीच्या शेवटी एके दिवशी जाऊन केस कापून आले, एकदम कानाच्या वर. आईला वाटलं मला ताप चढलाय. तेव्हापासून मी वर्गात हात वर करते, दुकानात स्वतः बोलते आणि "काय? परत सांग" हे न लाजता म्हणते, कधी कधी तर मुद्दाम दोनदा.

हे सगळं झालं माझ्या बेस गिटारमुळे. म्हणजे दीड वर्ष मी तरी असंच समजत होते.

बेस गिटारला चार जाड तारा असतात. साधी गिटार चिवचिवते, ही घुमते. बाबा म्हणतात, गाण्यात बेस असला तर कुणाचं लक्ष जात नाही, नसला की सगळ्यांचं जातं. बाबांना यातलं कळतं, कारण ते साउंडवाले आहेत. कार्यक्रम कुठलाही असो, हॉलमध्ये सगळ्यात आधी येऊन काळे खोके उतरवणारा आणि सगळ्यात शेवटी वायरी गुंडाळत बसणारा माणूस म्हणजे माझे बाबा. आमच्या शाळेच्या बँडचा साउंडही तेच बघतात. मला ते भुंगा म्हणतात. पाळण्यात असताना मी म्हणे रडायच्या ऐवजी गुणगुणायचे.

तर, आठवीत मी बँडमध्ये जायचं ठरवलं आणि अडचण अशी होती की बेस मला मशीनमधून ऐकूच यायचा नाही. गाण्याचं नुसतं साल कानात यायचं, गर बाहेरच राहायचा. मग बाबांनी मला एक पेटी करून दिली. प्लायवूडची, पाटाएवढी, आत एक जुना मोठा स्पीकर उलटा बसवलेला, वर काळा गालिचा. माझ्या गिटारची वायर जायची बाबांच्या मिक्सरमध्ये (स्वयंपाकघरातला नव्हे, बटणांचा) आणि मिक्सरमधून एक वायर यायची पेटीत. मी बूट काढून मोज्यांवर पेटीवर उभी राहायचे. तार छेडली की पेटी थरथरायची आणि सूर तळपायातून आत शिरायचा. पहिल्यांदा तो गुडघ्यापर्यंत चढला तेव्हा मी चक्क रडले. बाबांनी हॉलच्या मागच्या टोकाहून, मिक्सरच्या छोट्या दिव्याखालून, अंगठा वर केला.

तो अंगठा आमचा ठरूनच गेला. प्रत्येक गाणं संपलं की मी मागे बघायचे आणि तिकडे अंगठा वर. तालीम संपली की पेटी एका बाजूने बाबा उचलायचे, दुसऱ्या बाजूने मी, आणि आम्ही ती गाडीत चढवायचो.

आठवीच्या वार्षिक कार्यक्रमात आम्ही तीन गाणी केली. तिसऱ्या गाण्यात, दुसऱ्या कडव्याला, माझ्या गिटारचा पट्टा खांद्यावरून निसटला. गिटार पडणार म्हणून मी ती दोन्ही हातांनी कवटाळली, मनात आठ ठोके मोजले, पट्टा अडकवला आणि नवव्याला परत सुरू झाले. उतरल्यावर माझा चेहरा एवढासा झाला होता. पण खारूताईने, म्हणजे आमच्या कीबोर्डवालीने, मला मिठीच मारली. खारूताई माझी दुसरीपासूनची मैत्रीण. पुढचे दोन दात आणि सतत काहीतरी कुरतडणं, म्हणून खारूताई.

"अगं, कुणाला कळलंसुद्धा नाही!" ती म्हणाली.

आमचे बँडचे सर म्हणाले, "अजिबात कळलं नाही हं." आईने तर पहिल्या रांगेत उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. मी घरी जाऊन आरशात बघितलं आणि म्हटलं, जी मुलगी आठ ठोके गिळून परत तालात येते, तिने केसांआड का लपायचं? त्याच आठवड्यात केस कापले.

आता नववी. या वर्षी कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधी माझ्या डोक्यात आलं की पायाने पुष्कळ ऐकून झालं, आता कानाने ऐकायचं. मी बाबांना घेऊन कानवाल्या मॅडमकडे गेले. त्या मला सहा वर्षांची असल्यापासून ओळखतात.

"गाणं कसं ऐकू येतं?" त्यांनी विचारलं.

"डब्यात खिळे हलवल्यासारखं."

त्या हसल्या. माझ्या मशीनच्या टोकाची रबरी टोपी त्यांनी बोटावर धरून दाखवली. "ही भोकं दिसतात? नऊ वर्षांची असताना तू याच खुर्चीत रडली होतीस. बंद टोपी घातली की म्हणायचीस, माझा आवाज पिंपातून येतो. म्हणून ही भोकांची दिली. पण याच भोकांतून खालचे सूर बाहेर पळून जातात. तेव्हा चाललं, कारण खालचं तुला बरं ऐकू यायचं. आता तेही जरा उतरलंय."

"म्हणजे बेस माझ्या कानापर्यंत येऊन परत जातो?"

"हो. आणि दुसरं, तुझं मशीन बोलण्यासाठी लावलंय. जे सलग घुमत राहतं ते त्याला पंख्याचं, गाडीचं वाटतं. ते दाबून टाकतं."

"माझी गिटार त्याला पंखा वाटते?"

"जवळजवळ."

"अपमान आहे हा, मॅडम."

त्या म्हणाल्या, कानाचं माप घेऊन घट्ट बसणारे साचे करू, अगदी बारीक छिद्राचे, म्हणजे खालचे सूर आत राहतील. आणि मशीनमध्ये गाण्यासाठी वेगळा प्रोग्राम टाकू, त्यात ती दाबादाबी बंद. बटण दाबलं की बोलणं, परत दाबलं की गाणं. मी खुर्चीतच उड्या मारायला लागले.

बाबा मात्र दाराशी उभे होते. "मॅडम, हे... कार्यक्रम झाल्यावर केलं तर?"

आम्ही दोघींनी त्यांच्याकडे बघितलं.

"नाही, म्हणजे, आता मधेच नवीन काही. तिला गोंधळायला होईल. बोलणं तर नीट ऐकू येतंय ना."

"बोलण्याचं काहीच बदलत नाही," मॅडम म्हणाल्या.

मला वाटलं, बाबा घाबरतात. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "बाबा, मी नाही हो गोंधळत." ते हसले, पण ते हसू फोटोसाठी हसतात तसलं होतं. मी काही लक्ष दिलं नाही. मॅडमनी माझ्या कानात गुलाबी, थंडगार, कणकेसारखं काहीतरी भरलं आणि पाच मिनिटं मला कुणाचंच काही ऐकू आलं नाही.

दहा दिवसांनी साचे आले. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे मी गिटार आणि छोटा स्पीकर घेऊन गेले होते. त्यांनी मशीनं कॉम्प्युटरला जोडली, काहीतरी वर केलं, काहीतरी खाली केलं आणि म्हणाल्या, "वाजव आता."

मी सगळ्यात जाड तार छेडली. आणि शप्पथ सांगते, मागे वळून बघितलं. वाटलं, खोलीत कुणीतरी आलं. एवढा मोठा, गोल, जड आवाज माझ्या बोटाचा असेल असं वाटलंच नाही. मोजे नाहीत, पेटी नाही, सूर थेट कानात. "परत पिंपातून बोलतेय मी," मी म्हटलं, कारण माझा स्वतःचा आवाज घुमत होता.

"चार दिवस त्रास होईल."

"होऊ दे. राहीन पिंपात."

परतीच्या वाटेवर मला बसचं इंजिन ऐकू आलं. लिफ्टच्या पोटातही काहीतरी घुमतं हे कळलं. घरी फ्रीज गुरगुरत होता, मी त्याला मिठी मारली. बाबा कामावर, आई बाजारात, दुपारचे तीन वाजलेले. मी मोबाइल मशीनला जोडला आणि म्हटलं, आता पहिली मेजवानी आपल्याच गाण्याची. गेल्या वर्षीच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग बाबांनी मिक्सरमधूनच केलं होतं आणि मला दिलं होतं. ते मी शंभरदा ऐकलं होतं, पण त्यात नुसते खिळे.

पहिलं गाणं. बेस आला. मी पलंगावर नाचले. किती स्वच्छ वाजवलंय मी! दुसरं गाणं, त्याहून भारी. तिसरं. पहिलं कडवं. दुसरं कडवं. मी हसायला लागले, कारण आता पट्टा निसटणार होता आणि आठ ठोके नुसती शांतता येणार होती.

आली नाही.

बेस वाजत राहिला. एक, दोन, तीन, चार, मस्त गोल सूर, एकही गाळलेला नाही. मी मागे नेऊन परत लावलं. मला वाटलं कडवं चुकलं माझं. परत लावलं. गायिकेची ओळ तीच, तिचा श्वास तोच, ड्रमवरचा धडाड तोच, ज्या क्षणी मी गिटार पोटाशी धरून उभी होते आणि तारांना लावायला माझं एकही बोट मोकळं नव्हतं. आणि बेस वाजतोय. निवांत.

तेरा वेळा ऐकलं. मग मशीनं काढून टेबलावर ठेवली आणि कितीतरी वेळ काहीच ऐकलं नाही.

संध्याकाळी बाबा आले. "काय भुंगे, कसं वाटतंय?" मी म्हटलं, "छान." घरात मी खोटं बोलायची पहिलीच वेळ. माझ्या मते घरातलंच पहिलं. तेव्हा मला काय माहीत.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये तालीम होती. मी नेहमीसारखी बूट काढून पेटीवर चढले आणि गाण्याचं बटण दाबलं. सरांनी हात हलवला, ड्रमवालीने काड्या आपटल्या, गाणं सुरू झालं. मी ते गाणं वाजवलंच नाही. मी बोटांचा पहिल्या दिवसाचा व्यायाम वाजवला: एकाच तारेवर एक-दोन-तीन-चार, चार-तीन-दोन-एक. पाढे म्हटल्यासारखा, त्या गाण्याशी कणभर संबंध नसलेला. पेटी पायाखाली इमानदारीत तेच थरथरत होती, एक-दोन-तीन-चार. आणि हॉलच्या मोठ्या स्पीकरमधून माझ्या नव्या कानांत येत होता गाण्याचा खरा बेस. अचूक.

मी डावीकडे बघितलं. खारूताईचा उजवा हात तिचं वाजवत होता आणि डावा हात कीबोर्डच्या पार खालच्या पट्ट्यांवर माझं.

कुणाच्या चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही. सर डोळे मिटून मान डोलवत होते. कडवं संपलं, मी मागे बघितलं. छोट्या दिव्याखालून बाबांनी अंगठा वर केला.

मी गिटार खाली ठेवली. पेटीवरून उतरले, स्टेजवरून उतरले आणि मोज्यांनी हॉलमधून चालत निघाले. बेस वाजतच राहिला. मी अर्ध्यात पोचले तरी वाजत होता, मिक्सरपाशी पोचले तेव्हा कुठे थांबला, आणि तोही खारूताईने मला बघितलं म्हणून.

मिक्सरवर वर-खाली सरकणाऱ्या बटणांची रांग असते, बाबा त्यांना फेडर म्हणतात. जितका वर, तितका आवाज मोठा. प्रत्येकाखाली पांढऱ्या चिकटपट्टीवर बाबांचं अक्षर: गाणं, ड्रम, कीबोर्ड, गिटार, भुंगा. चार फेडर वर. भुंगा तळाला. बाकीच्यांच्या खाचा घासून चकचकीत, माझ्या खाचेत धुळीची रेघ. माझ्या फेडरच्या वर एक गोल बटण होतं, त्यावर लिहिलं होतं "पेटी". ते शेवटपर्यंत फिरवलेलं. म्हणजे मी पेटीत पूर्ण, हॉलमध्ये शून्य.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"भुंगे, ऐक—"

"ऐकलं मी. काल तेरा वेळा ऐकलं."

तोवर सर धावत आले. "अगं, समजून घे. शाळेच्या कार्यक्रमाचा प्रश्न असतो. आणि तुला आनंद मिळत होता ना?" म्हणजे सरांनाही माहीत. खारूताई त्यांच्या मागे उभी, नख कुरतडत.

"तू दुसरीपासून माझ्या डब्यात हात घालतेस," मी तिला म्हटलं.

"काकांनी सांगितलं म्हणून केलं गं. मी सांगणार होते तुला."

"कधी? माझ्या लग्नात?"

"तुला वाईट वाटेल असं वाटलं."

"आणि आता बघ ना, किती मस्त वाटतंय."

ती रडायला लागली. "आणि ते सोपं नसतं, माहितीये? डाव्या हाताने तुझं, उजव्याने माझं..." दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी हसून लोळले असते. त्या दिवशी मी बूटसुद्धा न घालता बाहेर गेले. फाटकापाशी लक्षात आलं, मग परत येऊन घालावे लागले. सगळ्यांसमोर, नाडीसकट. रागाने निघून जायचं असेल तर आधी बूट घालावेत, हे मी तेव्हा शिकले.

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, तुला माहीत होतं?"

तिने काय, असंही विचारलं नाही. टॉवेलची घडी पुरी केली. "तुझ्या बाबांनी सांगितलं होतं."

"तरी तू उभं राहून टाळ्या वाजवल्यास."

"तुझ्यासाठीच वाजवल्या."

"मी वाजवतच नव्हते, आई!"

"तू वाजवत होतीस. मी बघत होते ना."

मी खोलीत जाऊन मोजलं: बाबा, आई, सर, खारूताई, गायिका, ड्रमवाली, गिटारवाली. म्हणजे मला सोडून सगळे. मी दीड वर्ष एका पेटीवर उभी राहून हातवारे करत होते आणि सगळे गोड हसत होते, लहान बाळ खोट्या फोनवर बोलतं तेव्हा हसतात तसं. त्याच पेटीच्या जोरावर मी केस कापले. त्याच जोरावर वर्गात हात वर केले. आरशातली ती मुलगी, आठ ठोके गिळून परत तालात येणारी, ती कुठे गेली? ती तर तालात आली की नाही हेच कुणी ऐकलं नव्हतं. माझा हात केसांकडे गेला, कानांवर ओढायला. ओढायला केसच नव्हते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बाबांच्या गाळ्यावर गेले. ते स्टुलावर बसून एका तुटक्या वायरला सोल्डरिंगचा डाख देत होते. धुराचा वास. मी आले तरी मान वर केली नाही.

"पहिल्या तालमीला तू मागे होतीस," ते आपणहून म्हणाले. "अर्धा ठोका. पेटीतून पायात, पायातून डोक्यात, त्यात वेळ जातो. शिवाय तू ड्रमवालीच्या हातांकडे बघून वाजवायचीस. मागच्या बाकावरची मुलं हसायला लागली. तुला ऐकू आलं नाही. मला आलं."

"मग मला सांगायचं."

"तू पेटीवर रडत होतीस, भुंगे. आनंदाने. कुठल्या तोंडाने सांगू?" त्यांनी सोल्डरिंगची कांडी ठेवली. "एका दिवसापुरता खाली केला होता फेडर. म्हटलं, हात बसला की करू वर."

"मग बसला का हात?"

त्यांनी कांडी परत उचलली, परत ठेवली.

"बाबा, खरं सांगा. या दीड वर्षात मी सुधारले की नाही? तुम्हाला कळतं सगळ्यातलं. मी चांगली वाजवते की नाही?"

त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. "माहीत नाही."

"म्हणजे?"

"फेडर खालीच होता ना."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "एकदाही वर करून बघितला नाही? हेडफोन लावूनही नाही?"

त्यांनी मान हलवली. "भीती वाटायची."

फेडर खाली केला, त्याचं मी एक वेळ काहीतरी केलं असतं. रडून, भांडून, आठ दिवस न बोलून मोकळी झाले असते. पण ते दीड वर्षाचे अंगठे! प्रत्येक गाण्यानंतर एक. त्यातला एकही ऐकून केलेला नव्हता. माझ्या बाबांनी, जे दुसऱ्याच्या लग्नातल्या माइकची खरखरही कान देऊन ऐकतात, माझं एकही गाणं ऐकलं नव्हतं.

"तीन दिवसांनी कार्यक्रम आहे," मी म्हटलं. आवाज पिंपातून येत होता, पण मोठा येत होता. "माझा फेडर वर राहील. सगळ्यांच्या बरोबरीने. खारूताईचा डावा हात तिच्या खिशात. आणि पेटी स्टेजवर नको."

"तीन दिवसांत कसं होणार गं?"

"मग मी चुकेन. पण माझं मी चुकेन."

सरांनी कुरकुर केली. मी म्हटलं, नाहीतर मी स्टेजवर येऊन माइकवरून सगळ्यांना सांगते की कोण कुणाच्या हाताने वाजवतं. सर एकदम समजूतदार झाले.

तीन दिवस मी नुसती वाजवत होते. आणि बाबांचं बरोबर होतं, ते मला सांगायलाच हवं. मी मागे होते. माझ्या कानांनी मला पहिल्यांदा सांगितलं: सूर बरोबर, बोट उशिरा. मी ड्रमवालीचे हात बघणं सोडलं, डोळे मिटले आणि तिचा मोठा ड्रम कानात पकडला. पहिल्या दिवशी दहातले चार ठोके धरले. तिसऱ्या दिवशी नऊ. खारूताई रोज स्कर्टच्या खिशात डावा हात घालून उजव्याने वाजवायची आणि आम्ही एकमेकींशी फक्त "परत घे", "पुरे" एवढंच बोलायचो.

कार्यक्रम दुपारी होता. पडदे ओढलेले, हॉल गच्च भरलेला, सगळ्यात मागे मिक्सरचा छोटा दिवा. मी बूट घालून, नुसत्या फळ्यांवर उभी राहिले. पायाखाली काही थरथरत नव्हतं आणि मला स्टेजवरून पडल्यासारखं वाटत होतं.

पहिलं गाणं पार पडलं. मी मागे बघितलं नाही.

दुसरं गाणं. पहिलं कडवं नीट गेलं. माझा बेस मोठ्या स्पीकरमधून निघून, मागच्या भिंतीला आपटून माझ्याकडे परत येत होता, आणि मी एवढी हरखले की दुसऱ्या कडव्याला बोट पट्टीवर एक घर अलीकडेच पडलं. दोन सूर साफ बेसूर. सगळ्या शाळेसमोर, खोलीएवढे मोठे. तिसऱ्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. ते ऐकू आलं मला. मी पुढच्या सुराला बरोबर घरात बोट ठेवलं, तार छेडली.

काहीच आलं नाही.

परत छेडली. तार बोटाखाली हलत होती, पण हॉलमध्ये बेसच नव्हता. गाण्याचं साल राहिलं होतं, गर गेला होता. महिनाभरापूर्वी मला हे कळलंही नसतं, मी पेटीवर डुलत राहिले असते.

मी मागे बघितलं. दिव्याखाली बाबांचा हात फेडरवर होता.

मी वाजवायची थांबले. दोन्ही हात तारांवरून उचलले आणि वरच धरले, सगळ्यांना दिसतील असे. खारूताईने माझ्याकडे बघितलं, मागे बघितलं. तिचा डावा हात खिशातून बाहेर आला आणि खालच्या पट्ट्यांवर येऊन तरंगत राहिला. मी तिच्याकडे नुसतं बघितलं. तिने हात परत खिशात घातला. मग उजवाही उचलला. गायिकेने एक ओळ एकटीनेच ओढली, ड्रम दोनदा अडखळला आणि सगळं थांबलं. लोक माझ्याकडे बघायला लागले, मग मी बघत होते तिकडे बघायला लागले. रांगेमागून रांग मान वळवत गेली आणि शेवटी अख्खा हॉल त्या छोट्या दिव्याखालच्या माणसाकडे बघत होता. पहिल्या रांगेत आईसुद्धा.

मी बुटाने फळीवर ठोका धरला. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार.

बाबांचा हात हलला. स्पीकरमध्ये हलकीशी घरघर आली, माझ्या तारांची, दार उघडल्यासारखी. मी दुसरं कडवं पहिल्यापासून घेतलं. ड्रमवाली पुढच्या ठोक्याला माझ्याबरोबर आली, मग खारूताई, एका हाताने. त्यानंतर मी आणखी एकदा चुकले, शेवटच्या ओळीत, आणि ती चूक मागच्या भिंतीला आपटून माझ्याकडे जशीच्या तशी परत आली.

टाळ्या पडल्या. बाबांचा अंगठा सवयीने वर यायला निघाला, अर्ध्यात आला, आणि मग त्यांनी त्याच हाताने कान खाजवला.

हॉल रिकामा झाल्यावर ते वायरी गुंडाळत माझ्यापर्यंत आले. पेटी त्यांनी आणली होतीच, स्टेजच्या मागे, लागलीच तर म्हणून.

"हात आपोआप गेला गं," ते म्हणाले. "तो हसला ना, तिसऱ्या रांगेतला..."

"माहीत आहे," मी म्हटलं. "ऐकू आलं मला. तो हसलेलाही, आणि तुमचा हात गेलेलाही."

त्यांनी वायरीचं भेंडोळं खाली ठेवलं. मग खाली बघूनच म्हणाले, "शेवटच्या ओळीत चुकलीस. बाकी... मधला भाग चांगला होता. ठोक्यावर होता."

हे त्यांनी ऐकून सांगितलं होतं. पहिल्यांदाच. माझ्या आत काहीतरी उडी मारून उठायला लागलं होतं, पण मी त्याला खाली बसवलं.

ते पेटीची एक बाजू धरून वाकले आणि नेहमीसारखे थांबले, दुसऱ्या बाजूने मी उचलेन म्हणून. मी गिटार खांद्याला लावली, पट्टा दोनदा तपासला आणि पायऱ्या उतरून गाडीकडे चालायला लागले. माझ्या मागे पेटी फळ्यांवरून घासत येत होती, जड, लांबलचक, खालच्या सुरातली. प्रत्येक पायरीला आपटलेली मला ऐकू आली.